ऊन सर्वांचं, मीटर कोणाचं?

(विहाराच्या वर्धापन दिनी झालेल्या प्रबोधन सभेतील भाषण)



 दरवर्षी या मंचावर प्राध्यापक मंडळी येतात, त्यांची विद्वत्तापूर्ण व्याख्याने होतात. यंदा समितीने गिरणीतल्या माणसाला उभं केलं. आम्ही शाळेत फार शिकलो नाही. जे काही वाचलं ते याच विहाराच्या कपाटातून, पाळी सुटल्यावर. तेव्हा बोलण्यात चूकभूल झाली तर पोटात घालावी.

आम्ही विषय निवडला आहे सूर्याच्या विजेचा. काही बांधवांनी विचारलं, विहारात हा विषय कशाला? धम्मावर बोला, आरक्षणावर बोला. आम्ही म्हटलं, हा विषय धम्माचाच आहे. कसा ते सांगतो.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही आपल्याच जिल्ह्यातल्या एका गावी सोयरिकीत गेलो होतो. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथला निकाल अजून लागायचा आहे. गावाच्या वरच्या अंगाला ई-क्लासची जमीन आहे. तिथे आपल्या समाजाची अकरा घरं दोन पिढ्यांपासून वाहिती करतात. खडकाळ रान होतं. बायामाणसांनी गोटे वेचून वावर केलं. आज तिथे तूर होते, थोडी पऱ्हाटी होते. एके दिवशी सकाळी पांढरी गाडी आली, माणसं उतरली, टेप लावून मोजणी सुरू झाली. विचारलं तर म्हणे, इथे सोलर येणार. कोणाचा? कंपनीचा. किती वर्षांसाठी? पंचवीस. गावाला काय मिळणार? ते वरून ठरेल.

त्या अकरा घरांतली एक म्हातारी, नात्याने आमची आजी लागते, बांधावर बसली होती. ती आम्हाला म्हणाली, "मले सांग बाबू, पानी इकत झालं, शिक्षन इकत झालं. आता ऊनबी इकत घ्या लागते का?"

त्या माउलीच्या प्रश्नाचं उत्तर आम्हाला तेव्हा देता आलं नाही. आजचं हे भाषण म्हणजे ते उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे.

हवामान बदलाचा मार कोणाला

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. आम्ही सूर्याच्या विजेच्या विरोधात नाही. कोळसा जाळून जी वीज होते तिचा धूर आभाळात साचतो, पृथ्वी तापते, पाऊस वेळेवर येत नाही आणि आला की एका रात्रीत सगळा कोसळतो. हे आपल्याला पुस्तकातून शिकण्याची गरज नाही. २२ जुलै २०२३ रोजी आपल्या यवतमाळ जिल्ह्याने काय पाहिलं ते आठवा. महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्याला पुराने वेढलं आणि चाळीसहून अधिक माणसं अडकली. त्यांच्यासाठी हवाई दलाचं हेलिकॉप्टर बोलवावं लागलं. पाण्यात कोण अडकलं? तांडा अडकला. बंगला अडकला नाही. गाव वसवताना उंच जागा ज्यांनी घेतली त्यांची घरं कोरडी राहतात, आणि नाल्याकाठची जागा ज्यांच्या वाट्याला आली त्यांच्या चुलीत पाणी शिरतं. ही वाटणी हवामान बदलाने केलेली नाही. ती जुनीच आहे. हवामान बदल फक्त तिच्यावर पाणी सोडतो.

आणि कोळशाचं सुख कोणाला होतं? आपल्या वणी भागात कोळशाच्या खाणी आहेत. वर्धा नदी ओलांडली की चंद्रपूरचं २,९२० मेगावॅटचं औष्णिक केंद्र. वणी-घुग्घुस रस्त्याने कोळशाचे ट्रक जातात, त्यांची धूळ बाजूच्या पिकावर बसते. पांढरा कापूस काळा होतो. मुंबई-पुण्याला उजेड मिळतो, इथल्या माणसाला खोकला मिळतो. म्हणून कोळसा जावा आणि सूर्य यावा, हे आमचं मत पक्कं आहे.

२१ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माळढोक पक्ष्याच्या प्रकरणात एक महत्त्वाची गोष्ट सांगितली. हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण हा नागरिकाचा हक्क आहे आणि तो संविधानाच्या कलम १४ व २१ मधून येतो, असं न्यायालयाने मान्य केलं. कलम १४ म्हणजे समानता, कलम २१ म्हणजे जीवन. बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने ज्याचा मसुदा केला त्या संविधानाची ही कलमं. म्हणजे हा प्रश्न आपल्या दारचाच झाला की नाही?

पण त्याच प्रकरणातली दुसरी बाजूही पाहा. एकीकडे माळढोक वाचवायचा आणि दुसरीकडे राजस्थान-गुजरातच्या सौर प्रकल्पांच्या तारा, असा तो पेच होता. सूर्याची वीज चांगली असली तरी ती कोणाच्या तरी जमिनीवरून, कोणाच्या तरी डोक्यावरून जाते. ती आपोआप न्यायाची होत नाही.

बाबासाहेबांनी विजेबद्दल काय विचार केला

आपल्यापैकी अनेकांना हे ठाऊक नसेल की जुलै १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात बाबासाहेब मजूरमंत्री होते तेव्हा पाटबंधारे आणि वीज हे विषयही त्यांच्याच खात्याकडे होते. देशाच्या विजेचं नियोजन करणारं केंद्रीय तांत्रिक मंडळ त्यांच्या काळात उभं राहिलं. दामोदर खोऱ्याच्या योजनेला त्यांनी चालना दिली. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी विजेच्या धोरणसमितीपुढे बोलताना त्यांनी जो प्रश्न आधी घेतला तो मालकीचा होता. वीज खाजगी मालकीची असावी की राज्याची? खाजगी असली तर लोकांच्या हितासाठी तिच्यावर कोणत्या अटी असाव्यात? त्यांची भूमिका अशी होती की वीज स्वस्त पाहिजे आणि मुबलक पाहिजे, कारण तिच्याशिवाय उद्योग वाढणार नाहीत आणि उद्योगांशिवाय या देशाचं दारिद्र्य हटणार नाही. पुढे १९४७ मध्ये 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात त्यांनी मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत असं लिहिलं. जमिनीबद्दलही लिहिलं. कोणी जमीनदार नको, कोणी कूळ नको, कोणी भूमिहीन मजूर नको.

आणखी एक गोष्ट. गांधीवादी मंडळी यंत्राला नावं ठेवत होती तेव्हा बाबासाहेबांनी सांगितलं की दोष यंत्राचा नाही, दोष समाजरचनेचा आहे. यंत्राचा लाभ मूठभरांनी हडपला तर यंत्र मोडायचं नसतं, रचना बदलायची असते. आम्ही तेच आज सोलरला लावतो. दोष उन्हाचा नाही, निळ्या पाटीचा नाही.

आम्ही जन्मभर यंत्राशेजारी उभे राहिलो. गिरणीत नवं यंत्र आलं की जुनी जाणती कामगार मंडळी तीन प्रश्न विचारायची. बचत कोणाच्या खात्यात जाणार? किती हात रिकामे होणार? आणि बिघडलं तर जबाबदार कोण? हेच तीन प्रश्न घेऊन पुढे जाऊ.

पहिला प्रश्न : बचत कोणाच्या खात्यात?

२०१० साली केंद्रीय वीज नियामक आयोगाने सौर विजेसाठी युनिटला १७ रुपये ९१ पैसे दर धरला होता. २०१७ मध्ये राजस्थानात भाडला इथे लिलावात दर २ रुपये ४४ पैशांवर आला. डिसेंबर २०२० मध्ये गुजरातच्या लिलावात तो १ रुपया ९९ पैसे झाला. दहा वर्षांत दर नवव्या हिश्श्यावर आला. एवढी स्वस्ताई कांद्यात झाली असती तर शेतकरी रस्त्यावर आला असता. आता प्रत्येकाने आपल्या घरचं दहा वर्षांचं बिल काढून पाहावं. तो उतार तिथे दिसतो का? दिसत नसेल तर मधली बचत कुठे अडकली, हे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे.

पवनचक्क्यांची गोष्ट ऐका. साताऱ्याच्या वनकुसवड्याच्या पठारावर आणि धुळ्याच्या साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या डोंगरावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. पैसा कोणी घातला? वाऱ्यावर प्रेम असलेल्यांनीच घातला असं नाही. ज्याने पवनचक्की घेतली त्याला तिच्या किमतीचा मोठा भाग पहिल्याच वर्षी नफ्यातून वजा दाखवून आयकर वाचवता येत होता. २००२ पर्यंत पूर्ण शंभर टक्के, त्यानंतर ८० टक्के. म्हणून ज्यांचा विजेशी संबंध नाही असेही पैसेवाले पवनचक्कीचे मालक झाले. एप्रिल २०१२ मध्ये सरकारने ही सवलत काढली, आणखीही एक प्रोत्साहन थांबलं. त्याआधीच्या वर्षी देशात सुमारे ३,२०० मेगावॅटच्या पवनचक्क्या लागल्या होत्या; पुढच्या वर्षी १,७०० च्या आसपास लागल्या. वारा तोच, डोंगर तेच. फक्त कराची सवलत गेली आणि काम निम्म्यावर आलं. २०१४ मध्ये सवलत परत द्यावी लागली, २०१७ पासून ती ४० टक्क्यांवर आणली. यावरून काय दिसतं? पैसेवाल्याचं लक्ष वाऱ्याकडे नव्हतं, ताळेबंदाकडे होतं. पृथ्वी वाचवण्याचं काम त्याच्या सोयीवर सोडलं तर त्याची सोय संपली की ते काम थांबतं.

जगातही हेच. ब्रिटनची बीपी ही मोठी तेल कंपनी. २००० साली तिने आपलं चिन्ह बदलून हिरव्या-पिवळ्या फुलासारखं केलं आणि आता आम्ही पेट्रोलियमच्या पलीकडे चाललो अशी जाहिरात केली. २०११ मध्ये तिने सौर धंदा गुंडाळला. २०२० मध्ये पुन्हा शपथ घेतली की २०३० पर्यंत तेल आणि वायूचं उत्पादन ४० टक्क्यांनी घटवू. २०२३ मध्ये ४० चे २५ केले. फेब्रुवारी २०२५ मध्ये तेही सोडलं आणि तेल-वायूत पैसा वाढवू, हरित कामात कमी करू असं जाहीर केलं. कारण सरळ आहे, तेलात नफा जास्त होता. शीलाचं पालन नफ्यावर अवलंबून असेल तर ते शील नव्हे, तो सौदा आहे.

आता आपल्या महाराष्ट्राचं उदाहरण. २०२४ मध्ये महावितरणने ६,६०० मेगावॅट वीज घेण्यासाठी निविदा काढली. त्यात ५,००० मेगावॅट सौर आणि १,६०० मेगावॅट औष्णिक, दोन्ही एकाच गाठोड्यात. सप्टेंबर २०२४ मध्ये ते काम अदानी समूहाला मिळालं, सरासरी ४ रुपये ८ पैसे युनिटने. सौर वीज गुजरातेत कच्छच्या खावडाहून येणार, कोळशासाठी नवं केंद्र उभं राहणार. बाजू मांडणारे म्हणतात, सूर्य रात्री मावळतो, रात्रीची वीज पाहिजे, आणि दर इतरांपेक्षा कमी आहे. ही गोष्ट उडवून लावण्यासारखी नाही. पण टीकाकारांनी विचारलं की दोन वेगळ्या वस्तू एका टोपलीत का? ज्याच्याकडे फक्त सौर आहे तो लहान मोठा व्यवसायिक या निविदेत उतरूच शकत नाही. आमच्यासारख्याला दिसतं ते असं की सूर्याच्या नावाने नव्या कोळशाचाही करार झाला. नवं केंद्र एकदा बांधलं की ते पंचवीस-तीस वर्षं कोळसा मागत राहणार.

जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने जाहीर केलं की देशाच्या वीजनिर्मितीची निम्मी क्षमता आता कोळसा-वायूच्या बाहेरची आहे. आनंद आहे. पण क्षमता म्हणजे किती यंत्रं उभी आहेत ते, प्रत्यक्ष वीज म्हणजे किती सूत निघालं ते. सूत मोजलं तर आजही दहापैकी सात युनिटं कोळशाचीच आहेत.

दुसरा प्रश्न : किती हात रिकामे?

एक मेगावॅट सोलरला साधारण चार-पाच एकर जमीन लागते. ही जमीन कोणाची जाते, यात सगळं आलं.

कर्नाटकात तुमकूर जिल्ह्यात पावगड इथे २,०५० मेगावॅटचं सौर पार्क आहे, सुमारे १३,००० एकरांवर. तिथे जमीन विकत न घेता भाड्याने घेतली, शेतकऱ्याला एकरी २१,००० रुपये वर्षाला ठरले. दुष्काळी भागात हे वाईट नव्हतं. पण भाडं कोणाला? सातबारा ज्याच्या नावावर त्याला. जो त्या वावरात निंदणाला, कापणीला जात होता त्या भूमिहीनाला काय? त्याची मजुरी गेली आणि भाड्यात वाटा नाही. शेळ्या चारायची जागाही कुंपणात गेली. काचेच्या शेतात निंदण नसतं, बांधवांनो. पाट्या पुसायला आणि राखण करायला थोडी माणसं लागतात, बस.

आपल्याकडे मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आहे. २०१७ मध्ये ती सुरू झाली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी हा तिचा हेतू. आम्ही या हेतूचं स्वागत करतो. रात्री दोन वाजता ओलिताला जाऊन साप चावून मेलेल्या माणसाच्या मातीला आम्ही गेलो आहोत. खाजगी जमीन दिली तर हेक्टरी सव्वा लाख रुपये वर्षाला भाडं आणि दरसाल तीन टक्के वाढ. ग्रामपंचायतीला तीन वर्षं पाच-पाच लाख. पण योजनेत सरकारी जमिनी, गायरानंही येतात, आणि राज्यात अनेक ठिकाणी गावांनी गायरानावरच्या प्रकल्पांना विरोध केला. का केला? कागदावर ती जमीन पडीक असते. प्रत्यक्षात तिथे कोणाची ढोरं चरतात, कोणाचं वावर असतं, कोणाची स्मशानभूमी असते.

गायरान म्हटलं की कर्मवीर दादासाहेब गायकवाड आठवतात. १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. हजारो बायामाणसं तुरुंगात गेली, कडेवर लेकरं घेऊन गेली. त्या लढ्यातून भूमिहीनाला गायरान मागण्याची हिंमत आली. पुढे शासनाने १४ एप्रिल १९९० पर्यंतच्या पात्र अतिक्रमणांना नियमित करण्याचा निर्णयही केला. पण किती जणांची नावं प्रत्यक्ष चढली? ती अकरा घरं आजही दंडाच्या पावत्या जपून बसली आहेत. पत्र्याच्या पेटीत, लुगड्याच्या घडीखाली.

आता सावध ऐका. कंपनी वाईट, सरकार चांगलं, इतकं सोपं हे नाही. धुळे जिल्ह्यात शिंदखेडा तालुक्यातल्या विखरणचे शेतकरी धर्मा पाटील. त्यांची पाच एकर जमीन सरकारी वीज प्रकल्पासाठी संपादित झाली. आधी औष्णिक म्हणून, पुढे सौर म्हणून. मोबदला मिळाला सुमारे चार लाख. इतरांना त्याहून कितीतरी पटीने जास्त मिळाल्याची त्यांची तक्रार होती. ऐंशी ओलांडलेला तो म्हातारा कचेऱ्यांचे उंबरे झिजवून थकला. २२ जानेवारी २०१८ रोजी त्याने मंत्रालयात विष घेतलं आणि २८ जानेवारीला प्राण सोडला. तिथे मालक सरकार होतं. म्हणजे नुसता मालक बदलून भागत नाही. ज्याची जमीन आणि ज्याचं पोट, त्याचं म्हणणं ऐकून घेणारी व्यवस्था नसेल तर सूर्याची वीजही माणूस जाळते.

तिसरा प्रश्न : बिघडलं तर जबाबदार कोण?

करार मोठ्या मुदतीचे असतात, म्हणून हा प्रश्न. महाराष्ट्राने एन्रॉन पाहिला आहे. १९९९ मध्ये दाभोळची वीज सुरू झाली, २००१ मध्ये वीज मंडळाने ती परवडत नाही म्हणून घेणं थांबवलं, आणि डिसेंबर २००१ मध्ये अमेरिकेतली मूळ कंपनीच दिवाळखोरीत निघाली. कंपनी गेली, निस्तरणं आपल्या गळ्यात राहिलं. ती वीज सूर्याची नव्हती. पण करार न वाचता सही केली की काय होतं ते कळण्यापुरतं एवढं पुरे. सोलरचे करार पंचवीस वर्षांचे. पंचवीस वर्षांनी त्या काचा कोण उचलणार? जमीन पुन्हा वाहितीजोगी कोण करून देणार? हे कागदावर आज लिहिलं पाहिजे. तेव्हा आज सही करणारा ना साहेब असेल, ना आम्ही असू.

मग कंपनीशिवाय होणार कसं?

परवा आपल्याच वस्तीतला एक इंजिनिअर झालेला मुलगा आम्हाला म्हणाला, "काका, तुम्ही सगळ्यात खोड काढता. कंपन्यांनीच तर भाव खाली आणला. त्यांच्याशिवाय एवढी वीज कोण उभी करणार? तोवर पृथ्वी थांबणार का?"

पोराचं म्हणणं खोटं नाही. मोठे कारखाने, मोठं भांडवल, लिलावातली चढाओढ यांनी भाव पडला, हे मान्य. आम्ही गिरणीचं कापड वापरतो, हातमागावरच राहा म्हणत नाही. पण आम्ही त्याला उलट विचारलं, बाबा, आपल्या लोकांनी गिरणी बंद करा म्हटलं होतं का? नाही. कामाचे तास कमी करा, पगार द्या, संघटना मान्य करा म्हटलं. तसंच हे. कंपनीने यंत्र आणावं, पण अटी लोकांच्या असाव्यात. आमच्या मते कंपनीच्या स्वार्थाने सूर्याची वीज खोटी ठरत नाही. ती अपुरी आणि अन्यायी ठरते. नफा दिसेल तिथेच ती पोचते, कोळशाला हात लावत नाही आणि गरिबाची जागा घेते. असं झालं की गरीब माणूस सूर्याच्याच विरोधात उभा राहतो, आणि कोळसेवाला दुरून हसतो. सर्वांत मोठं नुकसान हे आहे.

दुसरा रस्ता आहे, हेही सांगतो. गुजरातेत खेडा जिल्ह्यातल्या धुंडी गावात २०१६ मध्ये मूठभर शेतकऱ्यांनी सौर पंपांची सहकारी मंडळी काढली. ओलित झालं की उरलेली वीज ते वीज कंपनीला विकतात. पाणीही राहतं, पैसाही येतो. आपल्या राज्यात सातारा जिल्ह्यातलं, पाटण तालुक्यातलं मान्याचीवाडी हे लहानसं गाव २०२४ मध्ये पहिलं सौरग्राम म्हणून पुढे आलं. ही गावं छोटी आहेत, पण मीटर कोणाचं या प्रश्नाला त्यांनी उत्तर दिलं आहे.

आपल्या विहाराचं छत

शेवटी घरची गोष्ट. दोन वर्षांपूर्वी एक ठेकेदार माणूस आपल्या विहारात आला. म्हणाला, छतावर फुकट सोलर लावतो, एक रुपया देऊ नका, फक्त इथे सही करा. समितीतले काही जण खूश झाले. आम्हीही क्षणभर झालोच. पण कागद चौदा पानांचा आणि इंग्रजीत. आपल्या वस्तीतली कायद्याचं शिकणारी एक मुलगी आहे. तिला म्हटलं, बाई, हे वाचून सांग. रविवारी वंदना झाल्यावर तिने सर्वांसमोर एकेक कलम मराठीत सांगितलं. छत पंचवीस वर्षं त्यांच्या ताब्यात. वीज आपणच त्यांच्याकडून ठरल्या दराने विकत घ्यायची. वर दुसरा मजला बांधायचा नाही. म्हणजे मुलांच्या अभ्यासिकेचं स्वप्न गेलं. आणि दर्शनी भागात त्यांची पाटी.

कालामांना भगवान बुद्धांनी हेच तर शिकवलं ना? कोणी सांगितलं म्हणून मानू नका, स्वतः तपासून पाहा. त्या रविवारी ते सुत्त आपण पाठ केलं नाही, वापरलं.

आपण नाही म्हटलं. घरगुती छताला मिळतं ते अनुदान विहाराला लागू नव्हतं. मग दानपेटी फिरवली. कोणी पन्नास दिले, कोणी हजार. धुणीभांडी करणाऱ्या बायांनी एका दिवसाची मजुरी दिली. दीड वर्ष लागलं. आज वर एक किलोवॅट आहे, दिवसाला साधारण चार युनिटं देतं. वाचनालयाचे दिवे आणि पंखे त्यावर चालतात. मोठं काही नाही. पण ते मीटर आपलं आहे.

बांधवांनो, आता कामाचं बोलतो. ज्यांच्याकडे वावर आहे त्यांनी 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत अर्ज करावा. अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला पाच टक्केच हिस्सा भरायचा आहे, बाकीच्यांना दहा. पाच वर्षांची दुरुस्तीची हमी आहे, ती लेखी घ्या. ज्यांचं स्वतःचं छत आहे त्यांना पीएम सूर्यघर योजनेत एका किलोवॅटला तीस हजार, दोनला साठ हजार, तीनला आणि पुढे अठ्ठ्याहत्तर हजार अनुदान आहे. टिनाच्या घरात राहणारा, भाड्याने राहणारा यातून सुटतो, म्हणून त्याच्यासाठी सामाईक छताची मागणी नगर परिषदेकडे आपण मिळून करू. ज्यांची ई-क्लासवर वाहिती आहे त्यांनी गाव नमुना एक-ईचा उतारा काढावा, जुन्या दंडाच्या पावत्यांच्या झेरॉक्स विहारात आणून ठेवाव्यात. आणि गावात कंपनी आली तर ग्रामसभेत करार मराठीत मोठ्याने वाचून दाखवा म्हणावं. ज्याला वाचून दाखवायची लाज वाटते त्या कागदावर सही करू नये.

त्या अकरा घरांनी हेच केलं. मोजणीच्या दुसऱ्या आठवड्यात ग्रामसभा मागितली. आजी पहिल्या रांगेत बसली, मांडीवर पावत्यांची पेटी. मोजणी तूर्त थांबली आहे. पुढे काय होईल ते आज सांगता येत नाही. यंदाची तूर मात्र त्यांनी पेरली.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात रोहिणी नदीचा प्रसंग सांगितला आहे. शाक्य आणि कोलिय पाण्यासाठी लढायला निघाले. सिद्धार्थ म्हणाले, युद्ध नको, दोन्हीकडचे प्रतिनिधी बसवून तंटा सोडवा. बहुमत विरोधात गेलं, तरी ते आपल्या म्हणण्यावरून हटले नाहीत, आणि त्यासाठी घर सोडलं. नदी दोघांची होती. प्रश्न वाटणीचा होता. आज ऊन सर्वांचं आहे आणि प्रश्न वाटणीचाच आहे. जे दिलेलं नाही ते घ्यायचं नाही, हे दुसरं शील आपण रोज म्हणतो. ते नुसतं आपल्यासाठी नाही. जो सर्वांचं ऊन एकट्याच्या खात्यावर जमा करतो, त्यालाही ते लागू आहे.

त्या आजीला आता आमचं उत्तर असं आहे. नाही आजी, ऊन विकत घ्यावं लागत नाही. पण ते आपलं आहे हे सांगायला पेटी घेऊन पहिल्या रांगेत बसावं लागतं.